तांड्याची सुई, तांड्याची कुत्री

रामनवमीच्या यात्रेत पोहरादेवीच्या वाटा माणसांनी भरून जातात. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं हे गाव. महाराष्ट्राबरोबर तेलंगणा, कर्नाटक, मध्य प्रदेशातूनही गोर बंजारा कुटुंबं इथे येतात, जगदंबेपुढे माथा टेकतात, सेवालाल महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतात. समाज या गावाला आपली काशी मानतो. गर्दीतल्या वयस्कर बायका दुरूनच ओळखू येतात. अंगात घेरदार घागरा, म्हणजे फेटिया, पाठीवर बंद बांधलेली चोळी, म्हणजे काचळी, आणि डोक्यावरून खाली सोडलेली टुकरी, म्हणजे ओढणी. टुकरीचा कपाळाजवळचा काठ भरतकामाने गच्च भरलेला असतो. त्याला घुंगटो म्हणतात. त्यावर आरसे, कवड्या, जुनी नाणी, आणि त्यांच्यामधली जागा व्यापणारे लाल, पिवळे, निळे, पांढरे टाके.

असा काठ कारागिराच्या खोलीत, शांत बसून भरलेला नसतो. पाणी, चूल, भाकरी, शेतातली मजुरी, पुन्हा चूल. या सगळ्यातून जो वेळ उरतो त्यात सुई चालते. मांडीला लेकरू, खुंट्याला शेळी, ओट्याखाली कुत्रं. कुत्रं भुंकलं की मान वर करायची, सुई कापडात खोचून ठेवायची, कोण आलं ते पाहायचं आणि परत येऊन त्याच टाक्यापासून पुढे जायचं. आरशांच्या चमकीमुळे बंजारा भरतकामाचा हा गुण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. हे काम केव्हाही थांबवता येतं, आणि थांबल्याने बिघडत नाही.

हा गुण किती मोलाचा आहे ते लोकरीची जाळीदार ओढणी विणणारी बाई चटकन सांगेल. घरात एखादा अवखळ कुत्रा असेल तर जरा जास्तच चटकन सांगेल. विणकामात सगळे टाके एकमेकांत अडकलेले असतात, कारण सगळी वीण एकाच धाग्याची असते. जाळी पाडायची तर कुठे धागा सुईवरून नुसता घ्यायचा, म्हणजे भोक पडतं, आणि लगेच कुठे दोन टाके एकत्र विणायचे, म्हणजे टाक्यांची संख्या कायम राहते. हा हिशेब प्रत्येक ओळीला बदलतो. मधेच कुत्र्याने लोकरीचा गुंडा पळवला आणि सुईवरचे चार टाके निसटले, तर साध्या सुलट-उलट विणीत ते शोधून उचलता येतात. जाळीत मात्र मुद्दाम पाडलेलं भोक कोणतं आणि निसटलेला टाका कोणता हेच कळत नाही. म्हणून जाणत्या बायका दहा-बारा ओळी झाल्या की वेगळ्या रंगाचा एक धागा सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवतात. पुढे काही बिघडलं तर त्या धाग्यापर्यंत उसवायचं. तिथले टाके सुरक्षित असतात.

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत. तिथली लोकरीची जाळीदार शाल इतकी तलम असते की बोटातल्या अंगठीतून आरपार ओढता येते. त्याच बेटांवरच्या बायका पाठीवर जळणाची पाटी घेऊन चालता चालता हातांनी विणत असत. त्यांची जुनी छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. पण चालताना व्हायचं ते साधं, हाताच्या सवयीचं विणकाम. तलम जाळीला घरातली जागा आणि एकाग्र डोळे लागत.

ज्यूडिथ ब्राऊन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० मध्ये एक छोटा पण फार महत्त्वाचा लेख लिहिला. जगभरच्या समाजांत काही कामं बायकांकडेच का येतात, हा त्यांचा प्रश्न होता. लहान मूल सांभाळता सांभाळता जे काम करता येतं ते बायकांकडे येतं, असं त्यांचं उत्तर. म्हणजे काम घराजवळचं हवं, मुलाला धोका नसलेलं हवं, आणि सोडून उठलं तरी पुन्हा सहज हाती घेता येणारं हवं. एलिझाबेथ वेलँड बार्बर यांनी हेच सूत्र धरून १९९४ मध्ये कापड आणि बायकांच्या वीस हजार वर्षांच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं. या सूत्राला बंजारा भरतकामाइतकं चोख उदाहरण क्वचितच सापडेल. इथे लेकरं तर होतीच, शिवाय घरच बैलांच्या पाठीवर होतं.

तांडा म्हणजे काय प्रकार होता, याची कल्पना आज सहजी येत नाही. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी सतराव्या शतकात, शाहजहानच्या काळात, उत्तर हिंदुस्थानातून जात होता. त्याला वाटेत एक तांडा लागला आणि त्यात १४,००० बैल असल्याचं त्याने लिहून ठेवलं. पाठीवर धान्य. बायका, मुलं, म्हातारी माणसं, सगळा संसार बरोबर. मीठ किनाऱ्याकडून आत आणि धान्य मुलखातून मुलखात, असं हे चालतं बाजारपेठेचं जाळं कित्येक शतकं टिकलं. मोगल सैन्याची रसद त्यांच्यावर चालली, आणि १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीलाही धान्यासाठी बंजाऱ्यांच्याच तोंडाकडे पाहावं लागलं.

मुक्काम कुठे करायचा हे अनेकदा जनावर ठरवत असे. वऱ्हाड पोलिसांतल्या कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याने बंजाऱ्यांवर एक टिपण लिहिलं होतं. ते १८८२ मध्ये पुन्हा छापलं गेलं आणि पुढे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात त्याचा भरपूर उपयोग केला. त्यांच्या वर्णनात तांड्याच्या पुढे चालणारा एक देवाचा बैल येतो, हटाडिया. त्याच्या पाठीवर कधी ओझं घालत नसत. लाल रेशमाचे गोंडे, घुंगरं, कवड्यांच्या माळा घालून त्याला सजवत. चालून दमला आणि जिथे बसला तिथेच त्या दिवसाचा तळ पडे. माणूस आजारी पडला तर याच बैलाच्या पायाशी लोटांगण घालत.

बैल बसला की तळ, उठला की चाल. अशा जगण्यात खड्ड्याच्या मागावर कापड विणता येत नाही. त्याला खड्डा हवा, खांब हवेत, ताणलेला ताणा हवा आणि तो अर्धवट असताना उचलून पुढे नेता येत नाही. सुई-दोऱ्याला यातलं काही लागत नाही. म्हणून कापड बाजारातून घ्यायचं आणि त्याचं बंजारापण सुईने घडवायचं, अशी वाटणी झाली असावी. काचळी आणि फेटिया नीट पाहिले तर ही वाटणी शिवणीतच दिसते. काचळीच्या बाह्या वेगळ्या भरलेल्या, छातीचा भाग वेगळा, पोटावर उतरणारा तुकडा वेगळा. फेटियाची कमरेची पट्टी वेगळी, घेराखालचा पट्टा वेगळा. टीचभर, वीतभर तुकडे. पिशवीत गुंडाळून ठेवता येतील असे. एकेक तुकडा महिनोन्महिने भरायचा आणि शेवटी सगळे जोडायचे. दोन मुक्कामांच्या मधे हात थांबला तरी जोडणी होईपर्यंत कुणाचं काही अडत नाही.

टाक्यांचंही तसंच. कर्नाटकातल्या संडूर भागात बंजाऱ्यांना लंबाणी म्हणतात. तिथल्या भरतकामात १४ प्रकारचे टाके मोजले जातात. कापडाचे जुने थर एकावर एक ठेवून त्यांतून सरळ धावदोरा घातला की पातळ, विरलेल्या कापडाला नवी ताकद येते. त्रिकोणी तुकडे कातरून काठाला शिवले की करवतीसारखी नक्षी होते आणि जीर्ण कडाही झाकली जाते. काही टाके कापडाचे उभे-आडवे धागे मोजून घालतात. त्यामुळे कागदावर नक्षी काढावी लागत नाही, बोटांना मोजणी ठाऊक असली की पुरे. आरशाला भोक नसतं. आधी त्याच्यावरून उभे-आडवे धागे टाकून तो कापडाशी जखडायचा, मग त्या धाग्यांना अडकवत काठाने गोल टाके घालत जायचे. टाके घट्ट होतात तशी वरची चौकट बाजूला ओढली जाते आणि मधे आरसा उघडा होतो. कवडीची पाठ घासून किंवा फोडून काढली की तिच्यातून दोरा जातो. या कवड्या मालदीवच्या समुद्रातल्या. बंगाल-ओडिशात एकोणिसाव्या शतकापर्यंत त्या सुटे पैसे म्हणून चालत. व्यापारी जमातीच्या बायकांनी चलनच काठाला शिवलं, यात नवल नाही. बाईच्या अंगावरचं कापड हीच तिची तिजोरी होती.

आणि हे सगळं माणसांपुरतं नव्हतं, हे विसरलं की या कलेचा अर्धा भाग हातून जातो. बैलाची झूल, कपाळपट्टी, शिंगांवर चढवायच्या भरलेल्या टोप्या, पाठीवर लटकणारी कोथळी. जनावरांच्या साजावर बायकांनी घरच्या माणसांइतकीच मेहनत घेतली. डोक्यावर पाण्याची भांडी नेताना खाली ठेवायची चुंबळ असते, तीही भरलेली आणि तिला मागे पाठीवर रुळणारा कवड्यांचा चौकोन. जुन्या लग्नात पाठवणीच्या वेळी नवरी सजवलेल्या बैलावर उभी राहून निरोपाचं गाणं म्हणत असे. सेवालाल महाराजांच्या कथाही जनावरांशिवाय पुढे सरकत नाहीत. १५ फेब्रुवारी १७३९ हा त्यांचा जन्मदिवस समाज साजरा करतो. ते स्वतः गुरं राखणारे, आणि तोळाराम घोडा व गराशा सांड यांची नावं त्यांच्या भक्तांच्या तोंडी आहेत.

मग कुत्रा कुठे आहे? तो साजात नाही, पण त्याच्यावाचून हा साज झालाच नसता.

तांडा उतरला की धान्याच्या आणि मिठाच्या गोण्या रचून आडोसा करायचा, आत माणसं, भोवती बैल, आणि राखणीला कुत्री. हजारो बैल आणि रोकड बरोबर, रानात उघड्यावर मुक्काम, वाटमारे, वाघ, लांडगे. अशा रात्री ज्याच्या कानांवर भरवसा ठेवून माणसं झोपत तो प्राणी घरचाच होणार. दिवसाही तेच. पुरुष गुरांमागे गेलेले असताना पालाजवळ राहिलेल्या बायकांची राखण कुत्र्यांकडे. बाई खाली मान घालून सुई चालवू शकते ती दुसरं कुणीतरी मान वर करून बसलेलं असतं म्हणून. कुत्र्याने काम मोडावं आणि त्यानेच ते होऊ द्यावं, असं हे नातं आहे.

या नात्याची सर्वांत ठसठशीत खूण महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे आहे. छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यात खपरी गावाजवळ कुकुरदेवाचं देऊळ आहे. कथा अशी सांगतात: दुष्काळात एका बंजाऱ्याला सावकाराकडून कर्ज घ्यावं लागलं. तारण ठेवायला काही नव्हतं, म्हणून त्याने आपला कुत्रा ठेवला. एका रात्री सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी माल पुरला ती जागा कुत्र्याने पाहिली होती. सकाळी त्याने सावकाराला धोतर ओढत तिथे नेलं. सावकार इतका खूश झाला की कर्ज फिटल्याची चिठ्ठी त्याने कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मालकाकडे सोडून दिलं. बंजाऱ्याला दुरून आपला कुत्रा येताना दिसला. वचन मोडून तो पळून आला असं समजून त्याने रागाच्या भरात काठी घातली. कुत्रा मेल्यावर चिठ्ठी दिसली. त्या पश्चात्तापातून त्याने समाधी बांधली.

हीच कथा मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यात कुकर्रामठाबद्दलही सांगितली जाते, आणि तिथल्या शिवाला ऋणमुक्तेश्वर म्हणतात. दोन्ही देवळं मुळात शिवाची आणि जुन्या राजवटींच्या काळातली. दिंडोरीचं कलचुरींचं, बालोदचं फणिनागवंशीयांचं मानतात. म्हणजे देऊळ आधीचं आणि गोष्ट नंतर येऊन तिथे चिकटलेली, असंच म्हणावं लागेल. त्याने गोष्टीचं मोल कमी होत नाही. शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात लोकांना बंजारा म्हटल्यावर जी गोष्ट सांगाविशी वाटली ती कुत्र्याची आहे, कर्जाची आहे आणि दिलेल्या शब्दाची आहे. तारण ठेवता येईल एवढी पत लोकांनी त्या कुत्र्याची मानली, ही बाब तर इतिहास म्हणूनच वाचावी.

हा कुत्रा दिसायला कसा होता? एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी श्वानग्रंथांत बंजारा कुत्र्याची वेगळी नोंद आहे. उंच, लांब पायांचा, काळ्या अंगावर करडी झाक, कान आणि शेपटीवर रेशमी केस. डब्ल्यू. व्ही. सोमण यांनी १९६३ मध्ये मुंबईहून इंग्रजीत भारतीय कुत्र्यांवर पुस्तक प्रसिद्ध केलं आणि देशी जातींची दखल घेण्याचं काम मराठी माणसाच्या हातून झालं. २०१७ मध्ये थिओडोर भास्करन यांनी तोच विषय पुन्हा हाती घेतला. या वाचनातून एक गोष्ट पक्की होते: दख्खनमधली शिकारी कुत्री, म्हणजे कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ आणि आपल्याकडे लातूर-मराठवाड्यात कारवान, केसाळ असेल तर पश्मी म्हणून ओळखली जाणारी, एकाच मोठ्या कुळातली आहेत. ही नजरेने शिकार करणारी कुत्री. छाती खोल, पोट आत ओढलेलं, पाठ कमानदार. भरधाव पळताना एका ढांगेत दोनदा त्यांचे चारही पाय जमिनीवरून सुटतात.

मुधोळला गेल्या काही वर्षांत मान मिळाला. २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं, पुढे सैन्याच्या मीरतच्या पशुवैद्यकीय केंद्रात प्रशिक्षण सुरू झालं, ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचं नाव घेतलं, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजापालयम, चिप्पीपराई यांच्याबरोबर त्याची जात म्हणून नोंदणी केली. तांड्याच्या कुत्र्याच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. त्याला राजाश्रय नव्हता, एका गावाचं नाव नव्हतं. तांडे थांबले तसा तो गावकुत्र्यांत मिसळत गेला.

तांडे थांबले ते रेल्वेमुळे, असं एका वाक्यात सांगता येतं आणि ते बरंचसं खरं आहे. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली, १८६७ मध्ये वऱ्हाडातून जाणारा मार्ग नागपूरला पोचला. हजार बैल जे आठवड्यांत नेत ते डबे दिवसात नेऊ लागले. मिठावरचा सरकारी ताबा त्यात भर. उरलंसुरलं १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने केलं. फिरणं हाच ज्यांचा धंदा त्यांचं फिरणंच संशयास्पद ठरवलं गेलं, आणि अनेक भागांत बंजारा गटांची नावं त्या यादीत चढली. हा कलंक ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून पुसला गेला. वाशीम-यवतमाळच्या माळांवर तांडे शेतीला लागले. अनेक कुटुंबं आजही दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. उसाच्या फडावर कोपीबाहेर जे कुत्रं झोपलेलं असतं तेही कधीकधी तांड्यातून गाडीत बसून आलेलं असतं. राखणीचं काम अजून संपलेलं नाही.

सुईचं काम मात्र पुष्कळ आटलं. तरुण मुली साडी, पंजाबी ड्रेस घालतात. फेटिया-काचळी निघते ती लग्नात, श्रावणातल्या तीजेला, होळीच्या लेंगीच्या नाचात. तीही बरीचशी यंत्रावर शिवलेली, प्लॅस्टिकच्या आरशांची, तयार लेस लावलेली. यात मुलींना बोल लावण्यात अर्थ नाही. दहा-बारा किलोंचा पेहराव आणि दागिने घालून कॉलेजला जा, असं सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. दुःख वेगळ्या गोष्टीचं आहे. कपाटातल्या आजीच्या काचळ्या फेरीवाल्याला कवडीमोलाने जातात, शहरात पिशव्या आणि उशांचे अभ्रे होऊन दहापट किमतीला विकल्या जातात, आणि ज्या हातांनी त्या भरल्या त्यांचं नावही कुठे राहत नाही.

याला उत्तर देणारं काम झालेलं आहे, पण शेजारच्या राज्यात. संडूरला १९८४ मध्ये कुशल कला केंद्र सुरू झालं. लंबाणी बायकांना कापड, धागा आणि मजुरी देऊन, त्यांचेच टाके आजच्या वापराच्या कपड्यांवर आणण्याचा प्रयत्न तिथे झाला. पुढे संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं. जुलै २०२३ मध्ये हम्पीला जी-२० ची सांस्कृतिक बैठक भरली तेव्हा साडेचारशेहून अधिक बायकांनी भरलेल्या १,७५५ नगांचं प्रदर्शन मांडलं गेलं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. चारलॉट क्वॉन आणि टिम मॅक्लॉक्लिन यांनी बंजारा वस्त्रांवर २०१६ मध्ये लंडनहून सचित्र ग्रंथ काढला. आता पोहरादेवीतही नंगाऱ्याच्या आकाराची भव्य इमारत उभी आहे. बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. चार मजले, १३ दालनं. समाजाच्या इतिहासाला एवढं मोठं घर महाराष्ट्रात पहिल्यांदाच मिळालं, आणि याचा आनंद वाटायलाच हवा. इथे काचेआडच्या वस्त्राबरोबर ते भरणारे हातही बसलेले दिसायला हवेत. यात्रेच्या दिवसांत मानोरा-दिग्रसच्या तांड्यांमधल्या पाच-पन्नास याड्यांना, म्हणजे आयांना, मजुरी देऊन सुईकामाला बसवणं हे संग्रहालयाच्या बांधणीच्या मानाने अगदी थोड्या खर्चाचं काम आहे. आणि एखाद्या दालनात, बैलाशेजारी, राखणीच्या कुत्र्यालाही जागा द्यावी. तो तिथे नसेल तर तांड्याचं चित्र अपुरं आहे.

सुई आणि कुत्रं एका घरात नांदतात तिथे दोन गोष्टींची खबरदारी घ्यायला हवी, मग काम भरतकामाचं असो, क्रोशाचं की लोकरीच्या ओढणीचं. सुटा धागा कुत्र्याने, विशेषतः पिल्लाने, गिळला तर तो साध्या वस्तूसारखा पुढे सरकत नाही. त्याचं एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकतं आणि आतडं त्या धाग्यावर नाड्यासारखं गोळा होतं, कधी कापलंही जातं. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर तो ओढू नये, तडक पशुवैद्याकडे जावं. दुसरं, काम थांबवताना सुई कापडात खोचून तुकडा उंचावर ठेवावा. तांड्यातल्या बायका पिशवी वर टांगतात ती उगीच नव्हे.

कुत्र्याच्या केसांचं कापड होतं, हेही कित्येकांना ठाऊक नसतं. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सेलिश लोकांनी खास लोकरीसाठी पांढरी कुत्री पाळली होती. बायकाच ती सांभाळत, मेंढीसारखी कातरत आणि त्या लोकरीच्या घोंगड्या विणत. त्यातल्या ‘मटन’ नावाच्या एका कुत्र्याचं १८५९ मधलं कातडं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. त्याच्या जनुकांचा अभ्यास डिसेंबर २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. ती जात आज उरलेली नाही. तिच्याबरोबर त्या केसांचं कापडही गेलं; दोन्ही त्याच बायकांच्या हाती होतं.

पोहरादेवीला जाणाऱ्यांनी म्हणून तीन गोष्टी कराव्यात. घरात जुनी काचळी, टुकरी, झूल असेल तर ती विकू नये. धुण्याच्या यंत्रात घालू नये, आरशांवर घडी न पाडता सुती कापडात गुंडाळून उन्हापासून दूर ठेवावी. आजीला प्रत्येक टाक्याचं नाव विचारावं आणि तिच्याच गोरबोलीत ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवावं. आणि यात्रेत हाताने भरलेला तुकडा दिसला तर तो कुणी, किती दिवसांत भरला हे विचारून, घासाघीस न करता, त्या दिवसांची मजुरी होईल एवढी किंमत भरणाऱ्या बाईच्या हातात द्यावी.